लघवीच्या बाटलीपासून रिपोर्टपर्यंत: लॅबमध्ये नव्याने रुजू झालेल्यांसाठी

सकाळी साडेसातला लॅबचं शटर वर जातं तेव्हा बाहेरच्या बाकावर पाच-सहा जण आधीच बसलेले असतात. कुणी केरीहून आलेलं, कुणी दोडामार्गाकडून पहिल्या बसने, सगळे उपाशीपोटी. एखाद्या आजीच्या पदराआड रुमालात गुंडाळलेली बाटली असते आणि ती कुणाला दिसू नये अशी तिची धडपड चाललेली असते. डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञानाची पदविका) करून नुकतेच कामाला लागलेल्या मुलामुलींना मी पहिल्या दिवशी मशीन दाखवत नाही. त्यांना या बाकाजवळ उभं करते.

गोव्याच्या डिचोली-सत्तरी भागात इतकी वर्षं हे काम करताना मशीन बिघडल्यामुळे चुकलेले रिपोर्ट मी फार थोडे पाहिले. बहुतेक चुका मशीनपर्यंत पोचण्याआधीच झालेल्या होत्या. कुठे बाटली चुकीची, कुठे नाव चुकलेलं, कुठे वेळ टळलेली, तर कुठे लघवी तपासायच्या, रंग बदलणाऱ्या पट्टीच्या डबीचं झाकण उघडं. म्हणून खाली जे लिहिते आहे त्यात अर्ध्याहून जास्त भाग तपासणीच्या आधीचा आहे. तोच नीट वाचा.

पहिलं काम नावाचं

"तुम्ही सुनीता ना?" असं कधीही विचारू नका. कानाने कमी ऐकणारी, घाबरलेली किंवा नुसतीच घाईत असलेली बाई मान हलवते आणि तुम्ही पुढे जाता. "तुमचं नाव काय?" असं विचारा. कोंकणीत बोलणारी असेल तर "तुमचें नांव कितें?" म्हणा. पूर्ण नाव तिच्या तोंडून येऊ द्या, मग वय विचारा आणि दोन्ही चिठ्ठीशी जुळवा. आपल्याकडे एकेका वाड्यावर निम्मी घरं गावकर नाहीतर नाईक. एका सकाळी एकाच नावाच्या दोघी येणं ही काही नवलाची गोष्ट नाही. तशा दोघी आल्या तर रजिस्टरमध्ये दोन्ही नावांपुढे लाल पेनने खूण करा आणि गावाचं नावही लिहा.

लेबल बाटलीच्या अंगावर लावायचं, झाकणावर नाही. झाकणं काढून टेबलावर ठेवली की कुठलं कुणाचं हे देवालाच ठाऊक. रक्ताच्या ट्यूबवर लेबल रुग्णासमोरच, रक्त घेतल्या घेतल्या लावा. आधी लेबलं लावून ठेवलेल्या रिकाम्या ट्यूब आणि 'नंतर लावू' म्हणून ठेवलेल्या भरलेल्या ट्यूब, दोन्ही सारख्याच धोक्याच्या.

बाटली आणि सूचना

घरून आणलेली बाटली स्वीकारू नका. माणूस लांबून आला असला, तरी नाही. एकदा एका आजींच्या लघवीत पट्टीवर साखर थ्री प्लस, म्हणजे भरपूर, आली. उपाशीपोटीची रक्तशर्करा मात्र ९२. रक्तातली साखर साधारण १६० ते १८० च्या वर गेल्याशिवाय ती सहसा लघवीत उतरत नाही, त्यामुळे हे गणित जुळेना. बाटली हातात घेऊन फिरवली तर तळाशी चिकट कडा दिसली. खोकल्याच्या औषधाची बाटली होती, घरी "तीन वेळा धुतली" होती. लॅबच्या कंटेनरमध्ये पुन्हा नमुना घेतला, साखर निल. त्या आजी मधुमेहाच्या औषधापासून वाचल्या त्या बाटलीच्या तळाकडे बघितलं म्हणून.

कंटेनर देताना नुसतं "लघवी आणा" म्हणू नका. बाई असेल तर बाईनेच, बाजूला नेऊन, हळू आवाजात सांगावं: आधी हात धुवा, मग जागा साध्या पाण्याने पुढून मागे अशी धुवा. साबण आणि डेटॉल नको. सुरुवातीची थोडी सोडून द्या, मधली कंटेनरमध्ये धरा, शेवटची पुन्हा सोडा. कंटेनर निम्मा भरला की पुरे. कोंकणीत "पयलें मातशें सोडात, मागीर बाटलेंत घेयात" एवढं म्हटलं तरी समजतं. पाळी चालू असेल तर शक्य झाल्यास तपासणी पुढे ढकला, नाहीच जमलं तर चिठ्ठीवर तसं लिहा. पुरुषांनाही स्वच्छतेची सूचना तेवढीच द्यायची, तिथे लाजून चालत नाही.

नेहमीच्या तपासणीला सकाळची पहिली लघवी चांगली. ती रात्रभर मूत्राशयात राहून घट्ट झालेली असते आणि नायट्राइटची (काही जंतू लघवीत तयार करतात त्या द्रव्याची) चाचणी दाखवायला जंतूंना साधारण चार तास मिळालेले असतात.

कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) कंटेनर निर्जंतुकच हवा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागता कामा नये. अँटिबायोटिक सुरू झालंय का, हे विचारल्याशिवाय कल्चरचा नमुना घेऊ नका. दोन गोळ्या पोटात गेल्या असल्या तरी लिहून ठेवा. कॅथेटर (लघवीची नळी) असलेल्या रुग्णाच्या पिशवीतली लघवी कधीही घ्यायची नाही, ती तासन्‌तास तिथेच साचलेली असते. नळीच्या नमुना घेण्याच्या जागेतून सिरिंजने घ्यायची.

चोवीस तासांची लघवी गोळा करण्यात सगळ्यांचा गोंधळ होतो. सकाळी सहाची पहिली टाकून द्यायची आणि तिथून घड्याळ सुरू. त्यानंतरची प्रत्येक वेळची कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाचीसुद्धा. हे तोंडी सांगून भागत नाही, कागदावर लिहून द्या.

घड्याळ

नमुना आल्यावर एका तासात तपासा, फार तर दोन. त्याहून उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये, २ ते ८ अंशांवर. बाहेर राहिलेल्या लघवीत, तेही आपल्या मे महिन्याच्या उकाड्यात, जंतू भराभर वाढतात. ते युरियाचा अमोनिया करतात, पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) चढतो, कास्ट (मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत तयार झालेले साचे) विरघळतात, पेशी फुटतात, साखर कमी होते. उजेडात बिलिरुबिन (काविळीतलं पिवळं द्रव्य) निघून जातं. सकाळी साडेसातचा नमुना अकरा वाजता बघितलात तर तुम्ही त्या माणसाची नाही, त्या कंटेनरमध्ये शिजलेल्या कशाची तरी तपासणी करताय.

फ्रीजमधून काढलेला नमुना थंड असतानाच पट्टी बुडवू नका. पट्टीवरच्या काही प्रक्रिया एन्झाइमच्या आहेत, थंडीत त्या मंदावतात. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग हलक्या हाताने ढवळा, कारण पेशी तळाशी बसलेल्या असतात.

आधी डोळ्यांनी बघा

पट्टीकडे धावण्याआधी कंटेनर उजेडासमोर धरा. गर्द पिवळी म्हणजे कावीळच असं नाही, बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली तरी ती झगझगीत पिवळी होते. क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनने नारिंगी होते, बीटने काही जणांची लालसर. काळपट, कडक चहासारखी दिसली तर कावीळ, रक्त किंवा स्नायूंची मोडतोड यातलं काही आहे का ते शोधा. गढूळपणा पू-पेशींचा असू शकतो, तसा थंड झाल्यावर बसलेल्या क्षारांचाही. जे दिसलं ते आधी लिहून टाका. पट्टीचा निकाल कळल्यावर डोळे तेच बघायला लागतात.

पट्टी

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पट्टी सोपी वाटते आणि तिच्यातच सगळ्यात जास्त फसगत होते.

माझ्या नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट. जुलै महिना, भिंतींना बुरशी, कपाटातल्या फायलीसुद्धा दमट. त्या सकाळी लागोपाठ आठव्या नमुन्याचा नायट्राइटचा कप्पा गुलाबी झाला. त्यात एक शाळकरी मुलगा होता, एक तंदुरुस्त गवंडी होता. एकाच दिवशी आठ जणांना मूत्रमार्गाचा संसर्ग? सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पू-पेशी दोन-तीन, जंतू नाहीतच. मग पट्ट्यांची डबी बघितली. झाकण तिरकं बसलेलं होतं, किती दिवस ते कुणालाच माहीत नव्हतं. हवा लागलेल्या पट्टीचा नायट्राइटचा कप्पा लघवीत काहीही नसताना गुलाबी होऊ शकतो. नवी डबी उघडली, आठही नमुने पुन्हा तपासले, आठही निगेटिव्ह. आदल्या दिवशीचे रिपोर्ट मात्र गेले होते. रजिस्टर काढून एकेकाला फोन केला, पुन्हा बोलावलं. एका बाईची अँटिबायोटिक सुरू झाली होती. तो फोन करताना मला जे वाटलं ते अजून आठवतं.

तेव्हा डबी उघडली की त्या दिवशीची तारीख तिच्यावर लिहा. पट्टी काढली की झाकण लगेच बंद, दुसरी पट्टी लागणार असली तरीही. आतली ओलावा शोषणारी पुडी फेकू नका. डबी फ्रीजमध्ये ठेवायची नाही, बाहेर काढताच आत दव धरतं. सिंकपासून आणि खिडकीपासून लांब ठेवा. पट्टीच्या कप्प्याला बोट लावू नका.

पट्टी पूर्ण बुडवून लगेच बाहेर काढा, कडा कंटेनरच्या काठाला टेकवून जादा लघवी निथळू द्या आणि पट्टी आडवी धरा. उभी धरलीत तर एका कप्प्याचं रसायन दुसऱ्यात उतरतं. मग घड्याळ. नेहमीच्या दहा कप्प्यांच्या पट्टीवर साखर ३० सेकंदांना, कीटोन (चरबी जळताना तयार होणारी द्रव्यं) ४० ला, प्रोटीन आणि रक्त ६० ला, पांढऱ्या पेशींचा कप्पा दोन मिनिटांना. कंपनीप्रमाणे यात फरक पडतो, म्हणून डबीवरचा तक्ता वाचा. दोन मिनिटांनंतर बदललेल्या रंगाला काही अर्थ नाही.

पट्टी काय सांगत नाही हेही माहीत हवं. प्रोटीनचा कप्पा मुख्यतः अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन ओळखतो, मायलोमा या रक्ताच्या कर्करोगातलं प्रोटीन त्यातून सुटून जातं, आणि फार अल्कली लघवीत तो खोटा पॉझिटिव्ह येतो. शंका आली तर सल्फोसॅलिसिलिक ॲसिडची किंवा लघवी तापवून ॲसेटिक ॲसिड घालायची जुनी चाचणी करा. भरपूर व्हिटॅमिन सी घेणाऱ्याची साखर आणि रक्त पट्टीवर दडून राहू शकतं. कीटोनचा कप्पा ॲसिटोॲसिटेट दाखवतो, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हे दुसरं कीटोन नाही, त्यामुळे मधुमेही रुग्ण गंभीर असतानाही तो कमी दिसू शकतो. नायट्राइट निगेटिव्ह म्हणजे जंतू नाहीत असं मुळीच नाही, एन्टेरोकॉकससारखे काही जंतू नायट्राइट करतच नाहीत.

मूत्रपिंडाच्या आजाराची दक्षिण गोव्यातल्या काणकोण तालुक्यात कित्येक वर्षं चर्चा आहे. तिकडून आलेला रुग्ण असो वा मधुमेहाचा जुना रुग्ण असो, पट्टीवर प्रोटीन निल आलं म्हणून मूत्रपिंड ठीक आहे असं तोंडी सांगू नका. थोडं अल्ब्युमिन पट्टीला दिसत नाही, त्यासाठी अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर लागतं. ते एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत असावं.

सूक्ष्मदर्शक

दहा-बारा मिलिलिटर लघवी ट्यूबमध्ये घ्या, ती सेंट्रिफ्यूजमध्ये (गरगर फिरवून गाळ तळाशी बसवणाऱ्या यंत्रात) ठेवा, समोर तेवढ्याच वजनाची ट्यूब ठेवा, दीड ते दोन हजार आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे) पाच मिनिटं फिरवा. वरचं पाणी एका झटक्यात ओता, तळाशी अर्धा-एक मिलिलिटर राहू द्या, टिचकी मारून गाळ मोकळा करा. स्लाइडवर एक थेंब, वर कव्हरस्लिप (पातळ काच). थेंब मोठा झाला तर कव्हरस्लिप तरंगते आणि पेशी पळत राहतात.

नवीन मुलांची हमखास होणारी चूक म्हणजे लख्ख उजेड. कंडेन्सर (स्लाइडखालचं उजेड गोळा करणारं भिंग) खाली घ्या, उजेड कमी करा. हायलाइन कास्ट इतके पारदर्शक असतात की भगभगीत उजेडात ते नसल्यासारखेच होतात. आधी १० च्या भिंगाने सगळी स्लाइड फिरा, कडांसकट, कास्ट कडांकडे जमतात. मग ४० चं लावून दहा फील्ड (भिंगातून एका वेळी दिसणारा भाग) मोजा आणि सरासरी लिहा. एका फील्डमध्ये पू-पेशी पाचपर्यंत चालतात, लाल पेशी दोन-तीनपर्यंत.

लाल पेशी आणि यीस्ट यांत सुरुवातीला सगळेच फसतात. यीस्ट लंबगोल असतं, आकार एकसारखा नसतो आणि कुठेतरी अंकुर फुटलेला दिसतो. खात्री नसेल तर काठाला सौम्य ॲसेटिक ॲसिडचा थेंब सोडा, लाल पेशी विरघळतील, यीस्ट तसंच राहील. पट्टीवर रक्त पॉझिटिव्ह आणि खाली एकही लाल पेशी नाही, असं झालं तर खोडू नका. पेशी फुटल्या असतील, नाहीतर हिमोग्लोबिन किंवा मायोग्लोबिन आलेलं असेल. दोन्ही गोष्टी जशा दिसल्या तशा लिहा, डॉक्टरांना त्यातच उत्तर सापडतं.

लिफाफ्याच्या आकाराचे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक पुष्कळ निरोगी माणसांतही दिसतात. पण चपट्या एपिथेलियल (त्वचेच्या आवरणाच्या) पेशींचा सडा पडला असेल तर नमुना नीट घेतलेला नाही. अशा नमुन्यावर रिपोर्ट लिहीत बसू नका, पुन्हा मागवा.

कार्ड आणि ग्लुकोमीटर

झटपट तपासणीचं कार्ड गरोदरपणाचं असो वा तापाचं, कंट्रोल रेषा (कार्ड नीट चालतंय हे दाखवणारी) आली नाही तर कार्ड बाद. टेस्टची रेषा आली तरी बाद. पाकीट वापरायच्या क्षणीच फोडा आणि कार्डवर नाव लिहून मगच थेंब टाका. दिलेल्या वेळेनंतर उमटलेली फिकट रेषा पॉझिटिव्ह धरू नका. गरोदरपणाचं कार्ड निगेटिव्ह आलं आणि पाळी चुकून दोन-तीनच दिवस झाले असतील, तर काही दिवसांनी सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा करायला सांगा. निकाल सांगताना आवाज खाली ठेवा. बाकावर शेजारीण बसलेली असते.

ग्लुकोमीटरच्या आधी रुग्णाला हात साबणाने धुवायला लावा. काजूच्या हंगामात बोंडं पिळून आलेल्या किंवा आंबा खाल्लेल्या बोटावरची साखर मीटर इमानाने मोजतो. स्पिरिट लावलंत तर पूर्ण सुकू द्या. अनामिकेच्या टोकावर नाही, कडेला टोचा. पहिला थेंब पुसा, दुसरा घ्या, बोट दाबून पिळू नका. आंतरराष्ट्रीय मानकानुसारसुद्धा १०० च्या वरच्या आकड्यात १५ टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा आहे. म्हणून मीटरच्या एका आकड्यावर कुणाला 'तुम्हाला शुगर आहे' म्हणायचं नाही. निदान प्रयोगशाळेतल्या रक्तावर: उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, नाहीतर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त. त्रास होत नसेल तर तेही दुसऱ्यांदा तपासून.

आणि ते रक्त करड्या झाकणाच्या फ्लोराइड ट्यूबमध्येच. साध्या ट्यूबमध्ये पेशी साखर खात राहतात, तासाला पाच-सात टक्के जातात. ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) जांभळी ट्यूब साध्या ट्यूबनंतर भरा. आधी भरलीत तर तिच्यातलं मीठ पुढच्या ट्यूबमध्ये जाऊन पोटॅशियम चढवतं, कॅल्शियम पाडतं. ट्यूब आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करा, खळखळवू नका.

तापाचे दिवस

जूनपासून लॅब तापाच्या रुग्णांनी भरते. मलेरियासाठी रक्त औषध सुरू होण्याआधी घ्या, एकाच स्लाइडवर जाड आणि पातळ दोन्ही थर. जाड थराची किमान १०० फील्ड बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहू नका. फाल्सिपेरम या मलेरियाच्या प्रकाराचं कार्ड उपचारानंतरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकतं, म्हणून जुन्या तापाबद्दल विचारा. डेंग्यूचं एनएस१ (विषाणूचं प्रोटीन शोधणारी तपासणी) पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, त्यानंतर आयजीएम (शरीराने बनवलेली प्रतिपिंडं). लेप्टोस्पायरोसिसचं आयजीएमही पहिल्या दोन-तीन दिवसांत निगेटिव्ह येऊ शकतं. थोडक्यात, चिठ्ठीवर 'ताप' एवढंच असेल तर "कधीपासून?" हा प्रश्न तुम्ही विचारायचा आणि उत्तर रिपोर्टवर लिहायचं.

उन्हाळ्यातल्या तापात सत्तरीवाल्यांनी आणखी एक विचारावं: जंगलात किंवा काजूच्या बागेत गेला होता का, गोचीड चावली का, माकड मेलेलं दिसलं का? २०१५-१६ च्या हंगामात सत्तरीत माकडताप (गोचिडीमुळे पसरणारा विषाणूचा ताप) आला, तेव्हा काजू वेचणारी माणसं त्यात आजारी पडली होती. असा संशय असेल तर आपल्या टेबलावर ट्यूब उघडायची नाही. आरोग्य केंद्राला कळवा, नमुना त्यांच्यामार्फत ठरलेल्या प्रयोगशाळेत जातो.

क्षयरोगासाठी बेडका हवा, थुंकी नको. सकाळी चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला, आणि तो उघड्या हवेत काढायचा, बंद खोलीत किंवा संडासात नाही. ट्रूनॅट नावाचं बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र तुम्हाला बऱ्याच केंद्रांत दिसेल. ते वेर्ण्याच्या मोलबायो कंपनीचं आहे आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोगाच्या निदानासाठी त्याला मान्यता दिली. गोव्यात तयार झालेलं हे यंत्र देशभरच्या छोट्या केंद्रांत चालतं, याचा मला मनापासून अभिमान आहे. तरीही कंटेनरमध्ये नुसती लाळ असेल तर तेही काही करू शकत नाही.

स्वतःची काळजी आणि रिपोर्ट

हातमोजे घालून फोन उचलू नका. सुईला पुन्हा टोपण लावू नका, ती थेट पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात. प्लास्टिकच्या ट्यूब आणि कंटेनर लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या, काच निळ्या डब्यात. सुई टोचलीच तर बोट पिळू नका, तोंडात तर मुळीच घालू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. एचआयव्हीपासून बचावाचं औषध पहिल्या दोन तासांत सुरू झालेलं उत्तम, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. ओरडा बसेल म्हणून लपवणारी मुलं मी पाहिली आहेत. कृपा करून लपवू नका.

रिपोर्ट देताना साखर ४० आली, पोटॅशियम ६.५ आलं, मलेरिया पॉझिटिव्ह आला, तर छापील कागदाची वाट बघायची नाही. नमुना आणि नाव एकदा पडताळा आणि डॉक्टरांना फोन लावा. त्यांच्याकडून आकडा परत म्हणवून घ्या. कुणाशी बोललात आणि किती वाजता, ते रजिस्टरमध्ये लिहा. रुग्णाने "बाय, काय निघालं गो?" म्हणून विचारलं तर प्रेमाने सांगा की डॉक्टर सांगतील, आणि आजच जाऊन भेटा असं बजावा.

संध्याकाळी टेबल एक टक्का हायपोक्लोराइटने (ब्लीचच्या द्रावणाने) पुसा, ते द्रावण रोजच्या रोज ताजं करा. फ्रीजचं तापमान वहीत टिपा. उरलेले नमुने लगेच टाकू नका, रिपोर्टवर कुणी शंका काढली तर निदान त्याच दिवशी पुन्हा बघता येतात. आणि दिवा बंद करण्याआधी पट्ट्यांच्या डबीचं झाकण अंगठ्याने दाबून बघा.